बिनतारी इंटरनेट : जोडणी नेमकी तुटते कुठे?

केबल किंवा फायबर न पोचलेल्या वस्त्यांना लहरींच्या मार्गाने इंटरनेट पुरविणारे छोटे व्यावसायिक महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांपासून शहरांच्या वेशीवरील वसाहतींपर्यंत आढळतात. उंच इमारतीच्या गच्चीवर किंवा टेकडीवरील टॉवरवर मुख्य अँटेना, ग्राहकाच्या छपरावर तिच्याकडे तोंड केलेली लहान अँटेना, तेथून घरात उतरणारी लॅन केबल आणि शेवटी राउटर, अशी या सेवेची रचना असते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला; ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. इंटरनेट सेवा विकण्यास सरकारी परवानगी लागतेच, मात्र या लहरी वापरण्यास वेगळा परवाना लागत नाही. अर्थात, जे सर्वांसाठी खुले आहे तेथे शेजाऱ्याच्या लहरींचा उपद्रव झाला, तर दाद मागण्याचीही सोय नसते.

ग्राहकाची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : ‘नेट बंद आहे.’ त्यामागे वीज, केबल, अँटेना, राउटर, थकलेले बिल किंवा खुद्द टॉवर यांपैकी काहीही असू शकते. दोन-तीन तंत्रज्ञांवर चालणाऱ्या व्यवसायात शिडी घेऊन वीस किलोमीटरवर जायचे आणि भिंतीवरचे बटण बंद असल्याचे पाहून परतायचे, हे परवडणारे नाही. तिकडे ग्राहकाची ऑनलाइन परीक्षा किंवा दुकानाचा व्यवहार खोळंबलेला असतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी दोषाची जागा निश्चित करणे, हेच या कामातील खरे कौशल्य होय.

कार्यालयातूनच निम्मे निदान

इंटरनेट पूर्ण बंद आहे की मंद आहे, एकाच मोबाइलवर अडचण आहे की सर्व उपकरणांवर, आणि ती केव्हापासून, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. त्याच वेळी टॉवरवरील उपकरणाच्या यादीत त्या ग्राहकाची अँटेना जोडलेली दिसते का, हे संगणकावर पाहावे. ती नेहमीच्या सिग्नलसह दिसत असेल, तर छपरावर चढण्याचे सहसा कारण नाही. दोष घरात किंवा ग्राहकाच्या खात्यात शोधावा. ती दिसतच नसेल, तर वीज, केबल किंवा लहरींचा मार्ग यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

घरातील दोषांत सर्वाधिक गैरसमज वाय-फायविषयी असतो. टॉवरपासूनची जोडणी उत्तम असूनही दोन भिंतींपलीकडच्या खोलीत मोबाइल रखडतो आणि दोष पुरवठादाराला मिळतो. लॅपटॉप केबलने थेट जोडून पाहिला की हा वाद मिटतो. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता मिळाला असेल, तर त्याला पत्ता देणारे कोणीच सापडलेले नाही. विंडोजवर ६९१ हा त्रुटीक्रमांक दिसल्यास नाव, पासवर्ड किंवा खाते तपासावे. ६५१ दिसल्यास पलीकडून उत्तरच येत नाही, असे समजावे. आकडी पत्त्याला प्रतिसाद मिळतो, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, अशा वेळी डीएनएसकडे लक्ष द्यावे. राउटर ‘रिसेट’ केल्यावर केबल चुकीच्या भोकात बसविणे हा आणखी एक नेहमीचा प्रकार. ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’मध्ये ती गेली, तर तो राउटर उलट दिशेने पत्ते वाटू लागतो. टॉवरवर ग्राहक एकमेकांपासून विलग केलेले नसतील, तर एका घरातील या चुकीमुळे अख्ख्या आळीचे इंटरनेट बंद पडते.

पाऊस दोषी नसतो

‘पाऊस आला की नेट जाते’ ही तक्रार खरी असली, तरी कारण वेगळे असते. ६० गिगाहर्ट्झच्या लहरी पावसात खरोखरच क्षीण होतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचे मुसळधार पावसातही किलोमीटरमागे साधारण एक डेसिबलहून फारसे नुकसान होत नाही. पाणी शिरते ते केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये. तेथे गंज चढला की शंभर मेगाबिटची जोडणी दहावर घसरते किंवा सारखी तुटते. केबल खालून वर येईल असा फास देऊन बसविल्यास थेंब आत न जाता खाली गळतात.

दुसरे कारण झाडे. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. एप्रिलमध्ये त्याच्या फांद्यांतून टॉवर स्वच्छ दिसतो म्हणून अँटेना बसवावी, आणि जुलैत रुंद, ओल्या पानांची भिंतच मध्ये उभी राहावी, असे घडते. शिवाय टॉवर नुसता दिसणे पुरेसे नाही. पाच किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींचा मार्ग मध्यभागी सुमारे आठ मीटर त्रिज्येचा असतो व त्याचा साठ टक्के भाग मोकळा लागतो. वाटेत नवी इमारत उठली, तर अँटेना कितीही हलवली तरी उपयोग नाही. जागा किंवा टॉवरच बदलावा लागतो.

सिग्नल उणे डीबीएममध्ये मोजतात. उणे ५० ते ६५ उत्तम, उणे ८० च्या आसपास जोडणी डळमळीत. तीन अंकांची घट म्हणजे निम्मी शक्ती. म्हणूनच बसविल्या दिवशीचा आकडा नोंदवून ठेवलेला असावा. तो नसेल तर आजचा उणे ७२ हा बिघाड की मूळचीच स्थिती, हे सांगता येत नाही. अचानक घट झाल्यास वाऱ्याने किंवा प्राण्यांनी अँटेना फिरली असण्याची शक्यता असते. हिमाचलातील धरमशाला येथील बिनतारी जाळ्यात अँटेनांना लोंबकळणारी माकडे ही गाजलेली अडचण आहे. कोकणातील छपरांवरही वानरांचा वावर कमी नाही.

संध्याकाळचा मंदपणा

दिवसा सुरळीत आणि रात्री नऊला रखडणारी जोडणी ग्राहकाच्या छपरावर दुरुस्त होत नाही. एका अँटेनेवरील सर्व ग्राहक बोलण्याची वेळ वाटून घेतात. दुर्बळ सिग्नलचा ग्राहक तोच मजकूर पाठविण्यास अधिक वेळ घेतो आणि इतरांचा वेळ खातो. अशा एकाची अँटेना नीट केल्याने सर्वांचा वेग सुधारल्याची उदाहरणे आहेत. तेवढ्याने भागले नाही, तर टॉवरवर आणखी एक अँटेना लावणे किंवा नवे ग्राहक घेणे थांबविणे, हेच उपाय उरतात. ते खर्चिक असल्याने राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला देऊन वेळ मारून नेली जाते. ग्राहक टिकवायचा असेल तर टॉवर भरला आहे, हे सांगितलेले बरे.

विजा चमकत असताना मात्र कोणीही छपरावर किंवा टॉवरवर चढू नये. अँटेनेचा अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढून ठेवण्यास ग्राहकाला सांगावे आणि तक्रार दुसऱ्या दिवशी पाहावी.