उजळणी आणि चिंचोके

कोकणातील गावठी शाळांतून पंतोजी धूळपाटीवर बोटाने अंक गिरवून घेत आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी एका सुरात म्हणवून घेत, ती निव्वळ घोकंपट्टी नव्हती. शेर-पायलीच्या मापाशी, सोळा आण्यांच्या रुपयाशी आणि सावकाराच्या वहीशी ज्यांना पुढे गाठ होती, त्यांना अपूर्णांकांची परिभाषा त्यातूनच मिळे. दृष्टीचे आणि हाताचे शिक्षण मात्र ओटीवरच्या खेळात होई : मुठीत चिंचोके झाकून ‘एकी की बेकी?’ विचारायचे, मग मूठ उघडून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या, आणि एक उरला की एकी. हा खेळ मला उजळणीहून श्रेष्ठ वाटतो. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि परिसरातील अशाच साध्या वस्तूंना शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा दिली. 1957 साली दशमान नाणी आली, पावकी मागे पडली. चिंचोके मात्र आजही वर्गात आणावेत.