परळच्या रुग्णालयातील एक अट

अध्यापन-रुग्णालयाच्या इतिहासात इमारती, देणग्या व उद्घाटने यांना बहुधा अग्रस्थान मिळते. परंतु रुग्णशय्येशेजारी उभे राहून शिकविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांहून मूलगामी होय. मुंबईत त्याचे उत्तर एका देणगीपत्रातील अटीने दिले. त्या अटीचा आणि पुढील संशोधनाचा संबंध तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली स्थापन झाले. त्याला जोडून जमशेटजी जिजीभाई रुग्णालय उभे राहिले. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. कुष्ठरोगावर वनौषधीचे प्रयोग त्यांनी पुढे केले, ते खाजगी व्यवसाय सांभाळून. महाविद्यालयातील प्रमुख अध्यापकपदे दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे बहुतांशी युरोपीय, अधिकाऱ्यांकडेच राहिली. विद्यार्थी देशी आणि आचार्य विलायती, अशी ही व्यवस्था होती.

सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळ येथील नव्या महाविद्यालयास देणगी देताना, तेथील अध्यापकवर्ग सरकारी सेवेत नसलेल्या, पात्र भारतीयांचाच असावा, अशी अट घातली. मुंबई महानगरपालिकेने ती स्वीकारली. १९२६ साली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झाले. जीवराज मेहता हे या संस्थेचे पहिले अधिष्ठाता. पुढे १९६० साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. गिरणगावातील कामगारवस्ती जवळच असल्याने या रुग्णालयास रुग्णांची वाण कधीच पडली नाही.

याच रुग्णालयातील वैद्य रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा अभ्यास केला. ही वनस्पती आयुर्वेदास पूर्वापार परिचित होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व मनोविकार यांवरील तिचा उपयोग नमूद केला होता; पण पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि हे दुर्लक्ष संपले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिक लाभले. नैराश्यादी दुष्परिणामांमुळे व नव्या औषधांमुळे रिसर्पिनचा वापर आज मागे पडला आहे; तथापि त्याच्या अभ्यासाने मज्जातंतूंतील रासायनिक संदेशवहनाच्या ज्ञानास मोठी चालना मिळाली.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. अटीमुळेच शोध लागला, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे इतिहासास धरून होणार नाही. अटीने शोध दिला नाही. शोधास लागणारी जागा दिली. भाऊ दाजींपाशी जिज्ञासा होती, औषधी होती, रुग्णही होते. वकिलांना याशिवाय स्वतःच्या संस्थेतील शय्या, विद्यार्थी आणि सहकारी लाभले. एकाकी वैद्याचा अनुभव आणि जगाने पारखून घ्यावे असे प्रमाण, यांमधील अंतर संस्थाच भरून काढते. परळच्या अटीचे ऐतिहासिक मोल यातच आहे.