वाशिम ते लंडन : तयारी घरची, प्रवास सुखाचा

परदेशगमन ही एकेकाळी मुंबई-पुण्याच्या मोजक्या कुटुंबांची मिरास मानली जात असे. आता वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या गावांतील मुलेमुलीही शिक्षण वा नोकरीनिमित्त साता समुद्रापार जातात आणि त्यांच्यामागोमाग आईवडिलांनाही परदेशवारीचा योग येतो. लंडनसारख्या महानगरात पहिल्यांदा उतरणाऱ्या प्रवाशाची जी तारांबळ उडते, तिचे मूळ बहुतेक वेळा घरून निघण्यापूर्वी राहून गेलेल्या लहानसहान गोष्टींत असते. त्या गोष्टींची ही उजळणी.

कागदपत्रे

पारपत्रासाठी वाशिम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरावयाचा असून तो प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. निर्णयास साधारणतः ३ आठवडे लागतात. बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी व्हिसा केंद्रावर जातीने हजर राहावे लागते. त्या फेरीचे दिवसही हिशेबात धरावेत. व्हिसा मिळण्यापूर्वी, पैसे परत न मिळणारे तिकीट काढण्याची घाई करू नये. या व्हिसावर सहसा ६ महिन्यांपर्यंत राहता येते, नोकरी मात्र करता येत नाही.

मुंबईहून विमान असल्यास आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. अकोल्याहून रेल्वेची सोय आहेच. शिवाय वाशिम जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्याने रस्त्याचा प्रवासही सुकर झाला आहे.

पैशाचे व्यवहार

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे बँक कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असते. परदेशातील व्यवहार आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची ‘कॉन्टॅक्टलेस’ सुविधा निघण्यापूर्वी बँकेकडून सुरू करून घ्यावी. परकीय व्यवहारावर बँक किती आकार लावते, हेही विचारून ठेवावे. यूपीआयच्या भरवशावर राहू नये.

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतले जात नाहीत. तेथे कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ‘ऑयस्टर’ कार्ड वापरावे लागते. एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही, त्यामुळे पतिपत्नींजवळ स्वतंत्र कार्डे हवीत. भुयारी रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवावे. बाहेर पडताना विसरल्यास कमाल भाडे कापले जाते. बसमध्ये केवळ चढताना टेकवणे पुरेसे असते. दिवसभरात कितीही फिरले तरी ठरावीक मर्यादेपलीकडे भाडे आकारले जात नाही, म्हणून सहसा वेगळा पास काढावा लागत नाही.

नातेवाइकांनी जुन्या प्रवासातून उरलेले पौंड दिल्यास ते पारखून घ्यावेत. २० व ५० पौंडांच्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून बाद झाल्या आहेत.

औषधे आणि शिधा

नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे. प्रतिजैविके तेथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. तातडीच्या विभागातील उपचार नि:शुल्क असले, तरी रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास अभ्यागताकडून मोठी रक्कम वसूल केली जाते. म्हणून प्रवासविमा अवश्य उतरवावा आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार त्यात नमूद करावेत. ते लपवल्यास ऐनवेळी दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

मुलांसाठी खाऊ नेताना मायेला थोडा आवर घालावा लागतो. भारतातून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे. तेव्हा पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप घरीच ठेवावे. ताजा कढीपत्ता आणि भाज्याही नेऊ नयेत. भारतीय वाणसामान वेम्बली व साउथॉल येथे सहज मिळते.

शहरात वावरताना

रस्त्यात उभे राहून मोबाइल पाहणे टाळावे. दुचाकीवरून येऊन तो हिसकावून नेण्याचे प्रकार तेथे घडतात. पोलीस म्हणवून कोणी पाकीट वा ‘पिन’ मागितल्यास देऊ नये. आणीबाणीत ९९९ आणि तातडीचा नसलेला वैद्यकीय सल्ला हवा असल्यास १११ हा क्रमांक फिरवावा. पारपत्र हरवल्यास पोलिसांत नोंद करून ऑल्डविच येथील भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधावा. पारपत्राची छायाप्रत वेगळ्या पिशवीत असल्यास काम सोपे होते.

पाहण्याजोगे

ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम येथे प्रवेश विनामूल्य आहे. दुसऱ्या संग्रहालयाशी वाशिमकरांचे जुने नाते निघते. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. आगीतून बचावलेल्या प्रतिकृती या संग्रहालयाकडे आहेत. त्या नेहमीच मांडलेल्या नसतात, म्हणून आधी चौकशी करावी.

विद्यार्थिदशेत १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य असलेले १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. चॉक फार्म हे तेथून जवळचे भुयारी स्थानक होय. मराठी माणसांची गाठ घ्यावयाची असल्यास १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ आहे.

शेवटची सूचना साधी, परंतु महत्त्वाची. मुक्कामाचा पत्ता, मुलांचे दूरध्वनी क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि रोजच्या औषधांची नावे इंग्रजीत एका कागदावर लिहून तो खिशात ठेवावा. मोबाइल बंद पडला किंवा हरवला, तर परक्या शहरात हाच कागद कामी येतो.