बोनेर : समुद्रतळाची वाट किनाऱ्यावरून

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला, कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचे कोरडे, निवडुंगांनी भरलेले बेट आहे. मिठागरे आणि फ्लेमिंगो ही त्याची जमिनीवरची ओळख. पण जगभरचे स्कूबा डायव्हर येथे येतात ते पाण्याखालच्या प्रवाळांसाठी. हे प्रवाळ पाहण्यासाठी येथे बोट लागत नाही. रस्त्याकडेला गाडी उभी करायची, सिलिंडर पाठीवर चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचे. अनेक ठिकाणी किनाऱ्यापासून काही दशक मीटर अंतरावरच प्रवाळांचा उतार सुरू होतो.

मात्र बोटीवर असतो तसा मार्गदर्शक येथे सोबत नसतो आणि वर आलेल्यांची मोजदाद करणाराही कोणी नसतो. वेळ, खोली, हवा आणि परतीची दिशा यांचा हिशेब डायव्हरने स्वतःच ठेवायचा असतो. म्हणूनच या सहलीची आखणी हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

पश्चिम किनारा शांत का?

या भागात वर्षातील बहुतेक काळ वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे बेटाची पूर्व बाजू खवळलेली, तर पश्चिम बाजू आडोशाला असते. बहुतेक डायव्हिंग पश्चिमेलाच चालते. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला आहे. पण धोका अगदीच नाही असे नव्हे. १९९९ मध्ये पश्चिमेकडून आलेल्या ‘लेनी’ वादळाच्या लाटांनी याच शांत किनाऱ्यावरील प्रवाळांचे नुकसान केले होते. वाऱ्याची दिशा उलटली की त्या दिवशी पाण्यात उतरण्याचा आग्रह सोडावा. पाण्याचे तापमान साधारण २६ ते २९ अंश सेल्सिअस असते. तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट बहुतेकांना पुरतो.

निघण्यापूर्वी

बोनेर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. चलन मात्र २०११ पासून अमेरिकी डॉलर. युरोपातील शेंगेन व्हिसा आणि डच कॅरिबियन बेटांचा व्हिसा यांचे नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकांनी तिकीट काढण्याआधी डच वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. परदेशी पर्यटकांसाठी २०२२ पासून ७५ डॉलर प्रवेशकर आहे. सागरी उद्यानाचे निसर्गशुल्क वेगळे भरावे लागते.

तारकर्लीत किंवा अंदमानात प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेली एखादी बुडी म्हणजे परवाना नव्हे. मार्गदर्शकाविना पाण्यात उतरायचे तर किमान ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र हवे. त्याची मर्यादा १८ मीटर. त्याखाली जायचे असल्यास पुढचा अभ्यासक्रम आधी पूर्ण करावा. नव्याने प्रमाणपत्र मिळालेल्यांनी पहिले एक-दोन दिवस स्थानिक मार्गदर्शक घेणे शहाणपणाचे. प्रवास विम्यात डायव्हिंगचा समावेश आहे का, हेही तपासावे. रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यास उपचारासाठी लागणारा दाबकक्ष क्रालेन्डाइक या राजधानीच्या गावी आहे. पण त्या उपचारांचा खर्च मोठा असतो.

पहिला दिवस

येथील सागरी उद्यान १९७९ मध्ये स्थापन झाले. भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र त्यात येतो. प्रत्येक डायव्हरला आधी नियमांची माहिती घ्यावी लागते व नंतर एक चाचणी बुडी द्यावी लागते. नव्या पाण्यात कमरेला नेमके किती वजन बांधावे लागेल, हे तेव्हाच कळते. पहिला दिवस यासाठीच राखून ठेवावा.

फिरण्यासाठी पिकअप ट्रक भाड्याने घेण्याची पद्धत आहे. डायव्हिंगच्या जागा रस्त्याकडेच्या पिवळ्या रंगवलेल्या दगडांवरून ओळखू येतात. आपण पाण्यात असताना गाडी बेवारस असते आणि चोऱ्या होतात. पासपोर्ट, पैसे, कॅमेरा असे काहीही गाडीत ठेवू नये.

पाण्यात उतरताना

किनारा बहुधा वाळूचा नसून धारदार खडकांचा व प्रवाळांच्या तुकड्यांचा असतो. जाड तळाचे बूट आणि त्यांवर चढणारे फिन्स आवश्यक. जोडीदाराच्या आधाराने, पाय घासत पुढे जावे आणि छातीइतक्या पाण्यात पोहोचल्यावर फिन्स चढवावेत. बुडी प्रवाहाविरुद्ध सुरू करावी, म्हणजे परतताना प्रवाह मदतीला येतो. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असेल तर १०० बारच्या आधीच मागे वळावे. वर येताना किमान ५० बार शिल्लक हवा. उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरील एखादी ठळक खूण पाहून ठेवावी. रात्रीच्या बुडीसाठी त्या खुणेजवळ दिवा ठेवावा.

कोणत्या जागा निवडाव्यात?

उत्तरेला ‘थाउजंड स्टेप्स’ आहे. नावात हजार असले तरी पायऱ्या शंभरही नाहीत; सिलिंडर घेऊन चढताना मात्र नावाचा अर्थ उमगतो. पुढे कार्पाटाकडे जाणारा किनारी रस्ता एकेरी असल्याने दिवसाचा क्रम आधीच ठरवावा. दक्षिणेला मिठाच्या धक्क्याचे खांब प्रवाळ व स्पंजांनी मढलेले आहेत. जहाज लागलेले असताना तेथे उतरता येत नाही. ‘हिल्मा हुकर’ हे सुमारे ७२ मीटर लांबीचे जहाज १९८४ मध्ये बुडाले. त्यापूर्वी त्यात गांजाचा मोठा साठा सापडला होता. त्याचा तळ सुमारे ३० मीटरवर असल्याने ते नवशिक्यांसाठी नव्हे. दक्षिण टोकाच्या ‘रेड स्लेव्ह’ येथे प्रवाह जोरदार असतो. तेथे अनुभवींनीच जावे.

नियम कशासाठी?

येथे भाल्याने मासेमारीला १९७१ पासून बंदी आहे. हातमोजेही चालत नाहीत, कारण मोजे असले की हात सहज प्रवाळाकडे जातो. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर २०२१ पासून बंदी आली. २०२३ मध्ये दगडी प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग येथे आढळला आणि प्रवाळांची हानी झाली. बाधित व निरोगी जागांची ताजी माहिती घ्यावी, निरोगी जागी आधी उतरावे आणि साहित्य सूचनेप्रमाणे निर्जंतुक करावे. एका ठिकाणचा संसर्ग दुसरीकडे पोहोचवणारे आपण ठरू नये.

परतीचा दिवस

सलग अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा जाणकारांचा सल्ला आहे. २४ तासांचे अंतर अधिक सुरक्षित. शेवटचा दिवस फ्लेमिंगो, खारफुटी आणि दक्षिणेकडील गुलामांच्या दगडी झोपड्या पाहण्यासाठी ठेवावा. मिठागरांत राबणाऱ्यांसाठी १८५० च्या सुमारास बांधलेल्या या झोपड्यांत माणसाला ताठ उभेही राहता येत नसे. सहा दिवसांच्या सहलीत डायव्हिंगचे चारच दिवस धरावेत. दिवसाला दोन किंवा तीन निवांत बुड्या पुरेशा आहेत. दमलेल्या डायव्हरला पाण्याबाहेर थांबवणारे येथे कोणी नसते. तो निर्णय त्याचा त्यानेच घ्यायचा असतो.