भरतीच्या वाटेवरची पेण आणि रोहा

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे समुद्रकिनाऱ्यावरची नव्हेत. तरीही त्यांचा पूर्वेतिहास भरती-ओहोटीच्या तालावर घडलेला आहे. भोगावतीच्या काठचे अंतोरे हे पेणचे बंदर होय. धरमतरच्या खाडीतून उधाणाची भरती साधून गलबते तेथवर येत. रोह्याची वाट कुंडलिकेची. समोरच्या तीरावर अष्टमी आणि मुखाशी रेवदंडा व चौल.

चौलची प्राचीनता सर्वश्रुत आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवृत्तात त्याचा ‘सेमिल्ला’ म्हणून उल्लेख येतो, तर कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्‌-मसूदी येथे आला आणि १४६९ मध्ये रशियन व्यापारी निकितिन याच बंदरात उतरला. पुढे १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून जलमार्गाने चौलला आला, तेथून होडीने कुंडलिकेतून अष्टमीस पोहोचला आणि मग निजामपूरमार्गे रायगडाकडे गेला. स्वराज्याच्या राजधानीची पाहुण्यांसाठीची एक वाट रोह्याच्या घाटावरून जात होती, ही गोष्ट रोहेकरांनाही क्वचितच ठाऊक असते.

पेणची कीर्ती मिठाची. खारेपाटातील मिठागरांचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. तेव्हापासून घाटमाथ्याच्या व्यापाराने हळूहळू नवी वाट धरली. तरीही मुंबईशी होणारी तांदूळ, मीठ, लाकूड यांची ने-आण पडाव व मचवे यांच्याच भरवशावर पुढे दीर्घकाळ चालली. या प्रवासाला धोका होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. ही आठवण या खाडीपट्ट्यातील कुटुंबांनी अनेक वर्षे बाळगली.

जैन समाजाचे समुद्राशी असलेले नाते याहून जुने, आणि ग्रंथांतही सुरक्षित राहिलेले आहे. चैत्र व आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा उपाश्रयात ऐकली जाते. रत्नशेखरसूरींनी विक्रम संवत १४२८ मध्ये ती प्राकृतात रचली. भरुचहून धवल शेठच्या जहाजांचा तांडा निघतो, कपटाने श्रीपालला समुद्रात लोटले जाते आणि नवपदांचे स्मरण करीत तो कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्यास लागतो. ठाण्यातील श्री मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते ते याच परंपरेमुळे. ओळीत बसलेल्या श्रोत्यांना ही कथा दूरदेशीची वाटते. वस्तुतः ती शेजारच्याच खाडीची आहे.

‘अंगविज्जा’ या प्राचीन प्राकृत ग्रंथाचे मोल तर इतिहासकारांनाही उशिरा कळले. मुनी पुण्यविजयजींनी संपादिलेला हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नौकांच्या नावांत ‘कोट्टिंब’ आणि ‘तप्पक’ ही नावे येतात. पेरिप्लसमध्ये भरुचच्या नदीमुखाशी जहाजांना वाट दाखविणाऱ्या होड्यांची नावे ‘कोटिंबा’ आणि ‘त्रप्पगा’ अशी आहेत. ग्रीक नाविक व जैन ग्रंथकार यांनी एकच होडी दोन लिपींत नोंदवावी, हा पुरावा कोणत्याही नांगराहून वा तोफेहून कमी नाही. हा मेळ लक्षात घेणाऱ्या अभ्यासकांत ‘सार्थवाह’कार डॉ. मोतीचंद्र अग्रणी होते, आणि ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे, दीर्घकाळ संचालक होते.

व्यापारी श्रावकाच्या दिनक्रमात समुद्र व धर्म यांची सांगड कशी बसली असेल, हेही पाहण्याजोगे आहे. दिग्व्रत घेणारा श्रावक प्रत्येक दिशेस किती दूर जावयाचे याची मर्यादा स्वतःच आखतो. जहाजाने व्यापार करणाऱ्याला ही मर्यादा केवळ तात्त्विक नव्हती. आषाढात मुनी चातुर्मासासाठी स्थिर होतात आणि त्याच सुमारास कोकणातील गलबतेही किनाऱ्यावर ओढून शाकारली जात. नारळी पौर्णिमेला सागरपूजन होई आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आतच श्वेतांबर परंपरेतील पर्युषण सुरू होई. वखारीचा मालक त्या दिवसांत गावात असे, याला धर्माइतकेच वाऱ्याचेही कारण होते.

अर्वाचीन काळातील नावेही थोडी नाहीत. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधणारे शेठ मोतीशा स्वतः जहाजांचे मालक होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तोच दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पालीताण्याच्या यात्रेस जाणारे अनेक यात्रेकरू अहमदाबाद-भावनगर मार्गावरून वळून लोथल पाहतात. १९५५ पासून झालेल्या उत्खननात तेथे दोनशे मीटरांहून अधिक लांबीची विटांची बांधीव गोदी सापडली (काही विद्वान तिला तलाव मानतात) आणि तेथील राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाच्या विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. अशा संग्रहालयांत मोठी जहाजे, नांगर, नकाशे असतात. अंतोऱ्याला मीठ भरणारा पडाव मात्र तेथे सहसा दिसत नाही. त्याची नोंद असलीच, तर ती जुन्या पेढ्यांच्या वह्यांत असणार: विक्रम संवताची मिती, तांडेलाचे नाव, पोत्यांची संख्या, नूर म्हणजे वाहतुकीचे भाडे. लिपी मोडी वा गुजराती. दिवाळीस पूजा झालेल्या या वह्या दुकानाच्या नूतनीकरणात रद्दीत जातात, वाळवी त्या खाते आणि पुराचे पाणीही त्यांना सोडत नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठणे येथे केलेला विध्वंस या भागास ज्ञात आहे. मोडी वाचणारे हात विरळ झाले, महाजनी गुजराती वाचणारे त्याहूनही विरळ. ज्या माळ्यावर अशी एखादी लाल कापडी बांधणीची वही उरली असेल, तिच्या पहिल्या पानावर बहुधा ‘श्री गौतमस्वामीनी लब्धि होजो’ असे लिहिलेले असेल आणि पुढच्या पानावर मिठाचा हिशेब.