मनी प्लांटची कुंडीतील लागवड

मनी प्लांट (शास्त्रीय नाव: एपिप्रेम्नम ऑरियम) ही अळू व सुरण यांच्या कुलातील, म्हणजे अ‍ॅरेसी कुलातील, सदाहरित वेल आहे. तिचे मूळ स्थान दक्षिण प्रशांत महासागरातील मोऑरेआ हे फ्रेंच पॉलिनेशियातील बेट होय. भारतात घरे, सज्जे व कार्यालये यांतील अत्यंत परिचित शोभिवंत वनस्पतींमध्ये तिची गणना होते. कमी प्रकाशात आणि अनियमित पाण्यावरही ती तग धरते, म्हणून ती चिवट समजली जाते. तरीही कुंडीतील वेली मरतात, आणि त्या पाण्याच्या अभावापेक्षा मुळे कुजल्यामुळे अधिक मरतात. म्हणूनच मातीची निवड व कुंडी बदलण्याची रीत यांना या वेलीच्या लागवडीत खतापेक्षा अधिक महत्त्व आहे.

नाव

या वनस्पतीचे प्रथम वर्णन १८८० मध्ये पोथॉस ऑरियस या नावाने झाले. तिला फुले क्वचितच येत असल्याने वर्गीकरणात दीर्घकाळ गोंधळ राहिला. सिंडॅप्सस व रॅफिडोफोरा या प्रजातींतही तिचा समावेश केला गेला. आजचे नाव १९६४ मध्ये मिळाले. व्यापारात मात्र 'पोथॉस' हे जुने नाव अद्याप चालते. इतर देशांत 'मनी प्लांट' या नावाने जेड किंवा पचिरा यांसारख्या निराळ्या वनस्पतीही ओळखल्या जातात. त्यामुळे परदेशी पुस्तकांतील सूचना वाचताना शास्त्रीय नाव पडताळणे आवश्यक ठरते. जेडसाठी सांगितलेले पाण्याचे प्रमाण या वेलीला लागू पडत नाही.

मुळांचा स्वभाव

निसर्गात ही वेल हवाई मुळांच्या साहाय्याने वृक्षांच्या खोडावर चढते. उंच चढलेल्या वेलीची पाने खूप मोठी व कडेने फाटलेली असतात, तर लोंबत्या वेलीची पाने लहानच राहतात. तिची मुळे खोडाची साल आणि जंगलातील पालापाचोळ्याचा भुसभुशीत थर यांत पसरतात. अशा जागी पाणी वारंवार मिळते, पण साठून राहत नाही, आणि मुळांना सतत हवा मिळते. कुंडीतील मातीतही हीच स्थिती राखावी लागते. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळांना प्राणवायू मिळत नाही. ती दुबळी होतात व पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या रोगकारक सूक्ष्मजीवांना बळी पडतात.

मातीची निवड

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती शेतीसाठी सुपीक असली, तरी कुंडीसाठी एकटी वापरणे योग्य नाही. तिच्यातील चिकणमाती ओली झाल्यावर फुगते व सुकल्यावर आकसते. परिणामी माती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी फटीतून थेट खाली निघून जाते. कोकणातील जांभ्याच्या मातीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, मात्र तिच्यात सेंद्रिय खताची भर अधिक घालावी लागते.

घरगुती वापरासाठी पुढील मिश्रण पुरेसे आहे: पोयट्याची माती, कोकोपीट आणि एखादा खडबडीत घटक प्रत्येकी १ भाग, तसेच पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत अर्धा भाग. खडबडीत घटक म्हणून नदीची जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, लाकडी कोळसा किंवा पर्लाइट चालते. समुद्राची वाळू क्षारांमुळे आणि सिमेंटचा राडारोडा चुन्यामुळे टाळावा. या वेलीला किंचित आम्लधर्मी, साधारण ६ ते ६.५ सामूची माती मानवते. कोकोपीटमध्येही क्षार असू शकतात, म्हणून ते भिजवून दोन-तीन वेळा धुऊन पिळून घेतात. बारीक वाळू थोड्या प्रमाणात घालून निचरा सुधारत नाही. ती मातीच्या कणांमधील जागा भरते आणि मिश्रण अधिकच घट्ट होते.

मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे. गोळा होऊन बोटाच्या स्पर्शाने तो फुटला, तर मिश्रण योग्य समजावे.

कुंडी बदलणे

तळाच्या छिद्रांतून मुळे बाहेर येणे, पाणी घालताच ते वाहून जाणे, वाढ खुंटणे, मातीवर क्षारांचा पांढरा थर जमणे ही कुंडी बदलण्याची लक्षणे होत. सामान्यतः दीड-दोन वर्षांनी ही वेळ येते. महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळ्याचा आरंभ हा काळ सोयीचा असतो. थंडीत वाढ मंदावते आणि दुखावलेली मुळे लवकर सावरत नाहीत.

नवी कुंडी जुनीपेक्षा व्यासाने ३ ते ५ सेंटिमीटरच मोठी असावी. 'एकदाच मोठी कुंडी आणू' हा विचार येथे घातक ठरतो. मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज तेथूनच सुरू होते. तळाशी खडीचा थर घालण्याचा प्रघातही फारसा उपयोगी नाही. बारीक पोकळ्यांच्या मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या खडीत पाणी सहजी उतरत नाही. ते थराच्या वरच अडते आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा कमी होते. छिद्रावर खापरीचा एक वाकडा तुकडा किंवा जाळी पुरते.

आदल्या दिवशी पाणी घातल्यास मातीचा गोळा सहज निघतो. वेल ओढून न काढता कुंडी आडवी करून कडेने थापटावी. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी, मऊ व दुर्गंधीयुक्त असून चिमटीत धरताच त्यांची साल सुटते. ती स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाभोवती अनेकदा चिकट तांबड्या मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच नव्या मिश्रणात ठेवल्यास पाणी बाजूने वाहते व गोळा आतून कोरडा राहतो, म्हणून तो पाण्यात भिजवून हलक्या हाताने मोकळा करावा. वेल पूर्वीच्याच खोलीवर लावावी, माती दाबून बसवू नये, आणि वर २ सेंटिमीटर जागा पाण्यासाठी सोडावी.

लावल्यानंतर एकदा भरपूर पाणी द्यावे व बशीत साठलेले पाणी ओतून टाकावे. पुढचे पाणी वरची २-३ सेंटिमीटर माती कोरडी लागल्यावरच द्यावे. आठ-दहा दिवस थेट ऊन टाळावे आणि महिनाभर खत देऊ नये. या काळात एखाद-दुसरे जुने पान पिवळे पडणे स्वाभाविक आहे; त्यावर उपाय म्हणून पाणी वाढवणे हीच नेहमीची चूक होय.

दक्षता

वेलीच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते, काहींच्या त्वचेला रसाने खाज सुटते. कुत्री, मांजरे व लहान मुले यांच्यापासून लोंबत्या फांद्या दूर ठेवाव्यात आणि छाटणीनंतर हात धुवावेत.

छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपे होतात, मात्र तुकड्यावर किमान एक पेर हवे. नुसत्या पानाला देठासह मुळे फुटली, तरी त्यापासून वेल वाढत नाही. चोरून आणलेला मनी प्लांटच लाभतो, अशी लोकसमजूत आहे. तिच्यापायी घाईत खुडलेल्या पानांची हीच गत होते. बाटलीत मुळे फुटू दिल्यास पाणी आठवड्यातून एकदा बदलावे व बाटली आतून घासावी, कारण साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात. ती ४-५ सेंटिमीटर झाली, की रोप मातीत लावून पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवावी.