आधी तोल, मग पेडल

दोन चाकांवर बसून दोन्ही पाय जमिनीवरून उचलून ठेवायला माणसाला जवळपास अर्धं शतक लागलं. कार्ल ड्राइसने पहिली दुचाकी रस्त्यावर आणली १८१७ मध्ये. पेडल मारत जाणारे स्वार पॅरिसकरांना दिसू लागले ते थेट १८६०च्या दशकात. हाच पल्ला आज दोन-अडीच वर्षांचं पोर काही महिन्यांत गाठतं, तेही पेडल नसलेल्या एका बुटक्या सायकलवर. तिला बॅलन्स बाइक म्हणतात. ती मुलाच्या हाती कधी द्यावी, हा हल्लीच्या आईबापांचा प्रश्न. त्याच्या उत्तराची सुरुवात ड्राइसपासूनच करावी लागते, कारण त्याने बनवली होती तीही बॅलन्स बाइकच. फक्त ती मोठ्या माणसांसाठी होती.

ड्राइस हा जर्मनीतल्या बाडेन संस्थानाचा वनाधिकारी. जन्म १७८५चा, कार्ल्सरूए शहरातला. नोकरी जंगलखात्यात असली तरी जीव यंत्रांत रमलेला. १२ जून १८१७ रोजी तो मान्हाइम शहरातून श्वेट्झिंगेनच्या रस्त्याला लागला, सुमारे सात किलोमीटरवरच्या घोडे बदलण्याच्या ठाण्यापाशी वळला आणि परत आला. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर आणि वेळ तासाच्या आत.

यंत्र बहुतेक लाकडी होतं. एकामागे एक दोन चाकं, त्यांना जोडणारी आडवी तुळई आणि तिच्यावर गादीची बैठक. बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. पुढचं चाक दांड्याने वळवता यायचं, हात टेकायला समोर एक मऊ आडवी फळी होती आणि मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक. वजन बावीस किलोच्या आसपास. स्वार बैठकीवर बसून पायांनी जमीन मागे रेटत निघायचा. वेग आला किंवा उतार लागला की पाय उचलून घरंगळत जायचा. बर्फावरच्या स्केटिंगवरून ही कल्पना सुचल्याचं ड्राइसने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

त्याला हे यंत्र करावंसं का वाटलं, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याच्या राखेमुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं बुडाली, घोड्यांचा ओट महागला. त्यातून घोड्याला पर्याय शोधायची निकड निर्माण झाली, अशी मांडणी ड्राइसचे चरित्रकार हान्स-एरहार्ड लेसिंग यांनी केली. ती सगळ्यांना पटलेली नाही. पण दोन चाकं एकामागे एक ठेवून त्यांच्यावर माणूस तोल सांभाळू शकतो, हे ड्राइसने दाखवून दिलं, याबद्दल वाद नाही.

तो तोल सांभाळला जातो हँडलमुळे. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळवायचं. चाकं पुन्हा अंगाखाली येतात आणि पडणं टळतं. सायकल चालवणारा माणूस दर क्षणी, नकळत, हेच करत असतो. गंमत म्हणजे हे घडतं कसं, याचं गणित शास्त्रज्ञ अजून सोडवताहेत. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे सायकल उभी राहते, असं अनेक वर्षं सांगितलं जाई. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हा गुण काढून टाकलेली एक सायकल बनवली आणि तीही वेगात आपोआप उभी राहते, हे २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं.

पुन्हा ड्राइसच्या काळात येऊ. बाडेनच्या ग्रँड ड्यूकने जानेवारी १८१८ मध्ये ड्राइसला या यंत्राचा दहा वर्षांचा हक्क बहाल केला. पण नक्कल करणाऱ्यांना सरहद्दी आडव्या आल्या नाहीत. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या गाडी बनवणाऱ्या कारागिराने त्याच वर्षाच्या शेवटी स्वतःचं पेटंट घेतलं, यंत्रात लोखंड वापरून ते जास्त सुबक केलं आणि तोल शिकवण्यासाठी चक्क शाळा काढली. शौकीन तरुणांची तिथे रीघ लागली. स्त्रियांना झग्यासकट बसता यावं म्हणून मधली तुळई खाली घेतलेला प्रकारही जॉन्सनने काढला.

ही हौस फार टिकली नाही. गाडीरस्ते खडबडीत असल्याने स्वार पदपथांवर चढायचे आणि पायी चालणाऱ्यांशी त्यांचे खटके उडायचे. मान्हाइमने डिसेंबर १८१७ मध्येच पदपथावर या यंत्राला बंदी केली. पाठोपाठ मिलान, लंडन, फिलाडेल्फिया अशा शहरांनीही तेच केलं, आणि १८२०च्या सुमारास बंदीचं हे लोण कलकत्त्यापर्यंत पोचल्याची नोंद सायकलच्या इतिहासकारांनी केली आहे. ड्राइसची अखेरही हलाखीतच झाली. १८४९च्या बाडेन क्रांतीत त्याने सरदारकी सोडून स्वतःला साधा नागरिक म्हणवून घेतलं. क्रांती चिरडली गेली आणि त्याचं निवृत्तिवेतन जप्त झालं. १० डिसेंबर १८५१ रोजी तो कफल्लक अवस्थेत वारला.

पेडल आलं ते यानंतर. पिएर लालमाँ याने अमेरिकेत नोव्हेंबर १८६६ मध्ये पेडलच्या दुचाकीचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये मिशो नावाच्या कारागिराच्या कारखान्यातून अशा सायकली बाहेर पडू लागल्या. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं होतं, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं करणं आलं. त्यातून पुरुषभर उंच चाकाची, पडलं तर डोकं फोडणारी सायकल निघाली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ आणली: दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर दिला आणि आजची सायकल तयार झाली.

या घाईगर्दीत ड्राइसचा पहिला धडा मागे पडला. सायकल म्हणजे पेडल, असं समीकरण रूढ झालं आणि मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा आधी पेडल दिलं गेलं. लहानग्यांना तीनचाकी आणि जरा मोठं झालं की मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधाराची छोटी चाकं. त्या चाकांमुळे मूल पडत नाही, हे खरं. पण सायकल कलतच नाही, त्यामुळे कलल्यावर काय करायचं तेही कळत नाही. पाय पेडल मारायला शिकतात आणि तोल शिकायचा राहूनच जातो. मग एके दिवशी बाबा पान्याने ती चाकं काढतात आणि मुलाला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या नशिबी ही छोटी चाकं नव्हतीच. भारतात टीआय सायकल्स १९४९ मध्ये, अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि हीरो १९५६ मध्ये उभी राहिली. त्यांचा मुख्य माल म्हणजे मोठ्या माणसांची काळी, दांडीची सायकल. मुलांनी शिकायचं तेही तिच्यावरच, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर. सीटपर्यंत ढुंगण पोचत नसे. म्हणून डावा पाय डाव्या पेडलवर ठेवायचा आणि उजव्या पायाने जमीन रेटत मैदानभर सायकल पळवायची. मग हळूच उजवा पाय वर घेऊन पाहायचा, आधी दोन हात अंतर, मग दहा हात. हे जमलं की उजवा पाय दांडीखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पेडलवर, डावा हात हँडलला आणि उजव्या हाताने सीटला किंवा दांडीला मिठी, अशी कैची. आधी अर्धा पेडल, मग पूर्ण. दांडीवरून पाय टाकून सीटवर बसणं ही शेवटची पायरी. नडगी पेडलला आणि कोपर मुरमाला सोलवटून निघायचे, पण क्रम बिनचूक होता. गरजेपोटी का होईना, ही मुलं ड्राइसच्याच पद्धतीने, आधी तोल आणि मग पेडल, असं शिकत होती. फरक एवढाच की त्यासाठी वयाची आठ-दहा वर्षं व्हावी लागायची.

तो क्रम दोन वर्षांच्या मुलांपर्यंत आणला जर्मनीनेच. आखेन शहराजवळच्या रोएटगेन गावात रोल्फ मेर्टेन्स यांनी १९९७ मध्ये बर्चच्या प्लायवूडची, पेडल नसलेली छोटी सायकल बनवली. ‘लाइकअबाइक’ हे तिचं नाव. पाठोपाठ इतरांनी लाकडाच्या आणि धातूच्या तशाच सायकली काढल्या. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, रॅपिड सिटी इथे, रायन मॅकफारलंड यांना त्यांच्या दोन वर्षांच्या मुलासाठी बाजारातली एकही सायकल पसंत पडेना. सगळ्याच जड आणि उंच. त्यांनी एक छोटी सायकल घेऊन तिचं पेडल, क्रँक, चेन असं एकेक काढून टाकलं, आणि त्यातून २००७ मध्ये ‘स्ट्रायडर’ कंपनी उभी राहिली. तिची बारा इंची बाइक तीन किलोच्या आसपास भरते. आज इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी शाळांतून बॅलन्स बाइकचे वर्ग होतात आणि अमेरिकेतल्या अनेक बालवाड्यांत अशा सायकली व्यायामाच्या तासाला वापरतात.

बॅलन्स बाइकचा उपयोग होतो का? पोर्तुगालमधल्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत बॅलन्स बाइकवरून शिकलेली मुलं सरासरी चौथ्या वर्षाच्या सुमारास स्वतंत्रपणे सायकल चालवू लागल्याचं दिसलं, तर आधाराच्या चाकांवरून शिकलेली सहाव्याच्या आसपास. अशा पाहण्या लोकांच्या आठवणींवर उभ्या असतात, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यांचा रोख भौतिकशास्त्राला आणि कैचीच्या अनुभवाला धरूनच आहे.

आता वयाचा मुद्दा. खोक्यावर कुठे दीड वर्ष लिहिलेलं असतं, कुठे दोन. मात्र मुलांच्या वाढीत महिन्यांचा हिशेब फसवा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी मुलं पाहून २००६ मध्ये निष्कर्ष काढले. भारतातली मुलं दिल्लीची होती. आधाराशिवाय चालायला लागण्याचा टप्पा ८.२ ते १७.६ महिने इतका पसरट निघाला. म्हणजे एकाच सोसायटीतली दोन अगदी निरोगी मुलं चालण्यात नऊ महिन्यांनी मागेपुढे असू शकतात. तेव्हा वाढदिवसापेक्षा पाय पाहावेत. मूल न अडखळता चालतं का, थोडं पळतं का, पळताना वळतं आणि थांबतं का? हे बहुतेकांना दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान जमतं आणि बाइकची वेळ तीच.

त्याआधी घाई करण्यात काही हशील नाही, कारण बॅलन्स बाइक चालायला शिकवत नाही. चालण्यासाठी आपल्याकडे तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा होताच. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं. मुलाला मध्ये बसवणाऱ्या प्लॅस्टिकच्या वॉकरची गोष्ट वेगळी. त्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

वेळ झाली की माप महत्त्वाचं. मूल बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत आणि गुडघे जरा वाकलेले राहावेत. त्यासाठी अनवाणी उभं करून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवायची. बाइकचं वजन मुलाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आत असावं, असा अंदाजी नियम सांगतात. बारा किलोच्या मुलाला साडेतीन किलोची बाइक झेपते. सत्तर किलोच्या स्वाराला ड्राइसचं यंत्रही जवळपास याच प्रमाणात पडत असे.

पहिले काही दिवस मूल सीटवर बसतच नाही. दोन पायांत बाइक घेऊन नुसतं चालतं. मग बसून चालतं, मग ढांगा टाकतं आणि एक दिवस पाय आपोआप वर राहतात. या काळात मोठ्यांनी हँडल धरू नये, कारण धरलेली बाइक कलत नाही. हेल्मेट हवंच आणि बंद बूटही, कारण पायच ब्रेक असतात. उतार आणि वाहता रस्ता टाळावा.

मूल चार-पाच वर्षांचं झालं असेल तर नवी बाइक घ्यायचीही गरज नाही. घरातल्या छोट्या सायकलची बाजूची चाकं आणि दोन्ही पेडल काढा, सीट पाय टेकतील इतकी खाली करा. पंधराचा पाना लागेल. उजवं पेडल नेहमीच्या नटासारखं सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं.